तिसरं रेकॉर्डिंग

१० जानेवारी

साडेचार,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग तुला तो आगाऊपणा वाटेल म्हणून कागद बदलला. आता हा फारच कोरडा वाटतोय, पण असू दे.

हे पत्र मावशीनं लिहायला लावलंय. "फोन ती उचलत नाही. पत्र आलं तर निदान उघडेल. तू लिही, तुझं ऐकते ती." तू माझं किती ऐकतेस ते मावशीला माहीत नाही आणि मी तिला सांगितलेलं नाही. मावशीला न सांगितलेल्या गोष्टींत ही सगळ्यात किरकोळ.

मुद्दा एवढाच की त्या संगीत शाळेचे यंदाचे अर्ज सुटलेत. रेकॉर्डिंग पोचायची शेवटची तारीख एकतीस मार्च. प्रवेशाच्या दिवशी वय चोवीसच्या आत हवं, म्हणजे तुझं हे शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी त्यांनी नाही म्हटलं, ठीक आहे. म्हणून काय पियानोच्या वह्यांचं खोकं इथल्या जिन्यात ठेवून, वर न येता निघून जायचं? आत्याच्या घरी राहून विमा कंपनीत लोकांचे अपघात नोंदवत बसायचं? सात महिने झाले. रोज चार तास वाजवणारी तू, तिथे साधा पियानो कुठे आहे याची चौकशीसुद्धा केली नाहीस म्हणे.

इथलं सांगतो. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत खालच्या औषधाच्या दुकानाचा वास येतो आणि तिथून वर लाकडाच्या पॉलिशचा. मधल्या खोलीतल्या पियानोचं डावं पेडल पुन्हा कुरकुरायला लागलंय. मावशी अजूनही कुणाला नावानं हाक मारत नाही, वार आणि वेळ हेच माणसाचं नाव. "सोमवार पाचनं नखं कापलीत का बघ." "बुधवार सहाची आई परत आत येऊन बसली, तिला गोड बोलून बाहेर काढ." तुझी गुरुवारची साडेचारची वेळ तिनं कुणाला दिलेली नाही. त्या वेळेत ती नुसती बसून राहते.

तुझे शनिवार नऊ आता माझ्याकडे आहेत. तेच ते, अडुसष्टाव्या वर्षी शिकायला आलेले निवृत्त कॅशिअर. मी बोट बदलायला सांगितलं की म्हणतात, "आमच्या बाई असं नव्हत्या सांगत." परवा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग त्यांच्याकडेच जा!" ते चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "पत्ता द्या." दिला. काय करणार?

अर्ज सोबत जोडलाय. भर.

— कुकर

(नाव तूच ठेवलेलंस. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून आलो, हे कळल्यावर म्हणाली होतीस, "तीन शिट्ट्या झाल्या की उतरवायचा असतो. तुला कुणी उतरवलंच नाही." त्या दिवसापासून मी तुझा, हेही तुला माहीत आहे. असो.)


२१ जानेवारी

साडेचार,

अकरा दिवस झाले. टपालाला इतके लागत नाहीत. म्हणजे वाचलंस आणि ठेवून दिलंस.

हे शाळावाले स्वतःला समजतात कोण? एका कागदावर चार ओळी खरडायच्या आणि माणसाचा निकाल लावायचा! "दुसऱ्या पीसमध्ये चौथ्या पानावर वादन खंडित झाले आहे." अरे, झालं असेल खंडित! माणूस आहे ती, घड्याळ नाही. बाकीची अकरा पानं नाही ऐकलीत? तुझ्या जागी मी असतो तर तिथे जाऊन त्यांच्या दारात वाजवून आलो असतो.

मला तो रेकॉर्डिंगचा रविवारच सारखा आठवतो. औषधाचं दुकान बंद, म्हणून मावशीनं रविवार सकाळ ठरवलेली. आदल्या दिवशी ट्यूनरकाका येऊन तीन तास पियानोच्या पोटात डोकं घालून बसले होते. मावशीनं फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून संडासात नेऊन ठेवलं, मला बूट काढायला लावले आणि वर म्हणाली, "श्वास हळू घे, बैलासारखा घेतोस." तू हसलीस, आणि त्या हसण्यातच पहिलं रेकॉर्डिंग वाया गेलं. दोन्ही पीस सलग वाजवायचे, मध्ये कापाकापी चालणार नाही असा त्यांचा नियम, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दुसरं झालं. मग तू पाणी प्यायलीस, हात झटकलेस आणि तिसरं वाजवलंस. शेवटचा सूर विरेपर्यंत मावशी डोळे मिटून उभी होती. डोळे उघडले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिसरं. बाकीची पुसून टाक."

तू नुसती मान हलवलीस. तुलाही ते ठाऊक होतं.

त्या संध्याकाळबद्दल मी लिहीत नाही. तुलाही नको असेल.

अर्ज भरलास का?

— कुकर


३ फेब्रुवारी

साडेचार,

तुझं कार्ड आलं. पाकीटसुद्धा नाही, कार्ड. दोन ओळी. "बाईंनी वरच्या वर्गाचे सगळे विद्यार्थी तुला का दिले? त्यांच्या कानांना काय झालंय? एवढंच कळव, बाकीचं लिहू नकोस."

म्हणजे शनिवार नऊंनी खरंच पत्र लिहिलं! माणूस आतल्या गाठीचा आहे, मला एका शब्दानं बोलले नाहीत.

विचारलंस म्हणून सांगतो. तो नकाराचा कागद घेऊन तू वर आलीस तो दिवस आठव. तू वाचलंस, मावशीनं पुन्हा वाचायला लावलं. "चौथं पान? पण तिसऱ्यात तर चौथं पान..." आणि मग तुम्ही दोघी गप्प झालात. तू काय विचार करत होतीस ते मला तेव्हा दिसलं नाही. मावशी काय विचार करत होती तेही नाही. ते कळायला मला तीन महिने लागले.

तिला वाटलं, तिच्या कानांनी दगा दिला. आपली विद्यार्थिनी मध्येच थांबते, आणि आपण डोळे मिटून ऐकतो, तरी आपल्याला ते ऐकू येत नाही. चाळीस वर्षं शिकवून ही वेळ! आधी तिनं विद्यार्थ्यांना थांबवणं बंद केलं. एखादा चुकला की ती माझ्याकडे बघायची, खरंच चुकला का म्हणून. मग एकेक करत परीक्षेला बसणारे सगळे माझ्याकडे आले आणि ती स्वतः फक्त पाच-सहा वर्षांची मुलं घेते. "त्यांचं चुकलेलं मला अजून कळतं," म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये मी तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. बसनं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर मी तिची पर्स धरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "आजी, या वयात असे कान मला हवेत." तिला ते पटलं नाही. परत येताना बसमध्ये म्हणाली, "मशीनला शिट्ट्या कळतात रे, संगीत कुठे कळतं? ते पान मला ऐकू आलं नाही हे खरं ना?"

मी म्हटलं, "मावशी, खिडकीकडे बस, वारं लागेल."

एवढंच विचारलं होतंस.

— कुकर


५ फेब्रुवारी, त्याच पाकिटात

ते पत्र टाकलेलं नाही. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

खरं असं आहे की चुकून दुसरं रेकॉर्डिंग गेलं. फाइलींची नावं नुसती आकड्यात होती, दोन आणि तीन. घाईघाईत

नाही. एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. खोडत नाही, राहू दे तिथेच. मी कसा आहे ते तुला दिसेल.

चुकून नाही गेलं.

त्या रविवारी संध्याकाळी तुला बसथांब्यापर्यंत सोडायला आलो, तेव्हा मी जे विचारलं ते तू विसरली नसशील. तू चिडली नाहीस, हसून म्हणालीस, "कुकर, तुझं कॉलेज अर्धं राहिलंय आणि माझं तर अजून सुरूही झालेलं नाही. आधी मला जाऊ दे. आणि सांगून ठेवते, तिकडे लागलं ना, तर मी मागे वळून बघणार नाही हं!" मग बस आली आणि तू खरंच मागे बघितलं नाहीस, कारण तू सुट्टे शोधत होतीस. मला हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, सुरुवात झाली.

सोमवारी सकाळी नऊला, पहिला विद्यार्थी यायच्या आत, मी मावशीच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. दोन्ही फाइली ऐकल्या. दुसऱ्यात चौथ्या पानावर डाव्या हाताची ती लांब उडी येते, तिथे तू चुकलीस, थांबलीस, आणि मागच्या ओळीपासून पुन्हा उचललंस. मी स्वतःला सांगितलं, यात जास्त जीव आहे. हे तर माणसाचं वाजवणं आहे, त्यांना कळेल. असलं काहीतरी भरपूर सांगितलं. आणि दुसरं जोडलं.

फाइल पोचायला तीन मिनिटं लागली. पडद्यावर हिरवी पट्टी भरत होती आणि खाली 'रद्द करा' असं लिहिलेलं होतं. मी बघत बसलो होतो.

तू इथेच राहावीस, एवढंच हवं होतं. नकार येईल, तू रडशील, मी जवळ असेन, हे असलं काहीतरी डोक्यात होतं. तू रडलीसच नाहीस. खोकं ठेवून गेलीस.

याहून वाईट पुढेच आहे. तो कागद आला, मावशी म्हणाली, "अरे, ते रेकॉर्डिंग लाव बघू, ऐकू दे मला ते पान." आणि मी म्हटलं, "पुसून टाकलं ना. तूच म्हणालीस, पुसून टाक." ती म्हणाली, "बाकीची म्हटलं होतं मी." मी म्हटलं, "मी सगळीच पुसली, पाठवून झाल्यावर." किती सहज आलं ते तोंडात! आधी पाठवलं त्यात निदान माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणता येईल. हे बोलताना माझं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. लाव म्हणाली तेव्हा लावलं असतं, तर मला हाकललं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. मावशी कानाच्या डॉक्टरकडे गेली नसती. तू विम्याच्या ऑफिसात नसतीस.

आता नीट वाच. दुसऱ्यांदा वाजवताना तू चुकलीस हे खरं. पण ते तुला ऐकू आलं होतं. बाईंनाही आलं होतं. म्हणून तर तुम्ही दोघींनी ते बाजूला टाकलं. तिसऱ्यात चौथं पान स्वच्छ आहे. दोघींचे कान शाबूत आहेत.

पेन ड्राइव्हवर तिसरं पाठवतोय. ऐक. कुणाबरोबर तरी बसून ऐक, एकटीनं नको, म्हणजे पुन्हा स्वतःवर शंका घेणार नाहीस.

माफी मागायची तर कागद पुरणार नाही, आणि मला ती तुझ्याकडून उकळायचीही नाही.


१७ फेब्रुवारी

साडेचार,

तुझं दुसरं कार्ड. "बाईंना सांगितलंस का? माझ्या आधी त्यांना सांगायला हवं होतंस."

हो, हवं होतं. तुला लिहिणं सोपं होतं, तू लांब आहेस. मावशी समोर बसून चहा ओतते.

तुझं कार्ड येऊन पाच दिवस झाले. चार दिवस मी रोज ठरवलं आणि रोज काहीतरी कारण काढलं. आज दुपारी जेवणं झाल्यावर, तीनच्या मुलीला यायला तासभर होता, तेव्हा सांगितलं. उभ्यानंच. बसलो असतो तर जमलं नसतं.

तिनं खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. म्हणाली, "लाव."

दुसरं लावलं. मिटल्या डोळ्यांनी ऐकत होती. चौथं पान आलं आणि उडीच्या जागी तिचं बोट वर गेलं. "इथे." मग तिसरं लावलं. बोट मांडीवरून हललं नाही. संपल्यावर तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "म्हणजे मी बहिरी नाही."

"नाही."

"तो डॉक्टर बिचारा हेच सांगत होता. मी त्याला म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय." आणि हसायला लागली. खूप हसली. मला वाटलं, सुटलो. मूर्खासारखा मीसुद्धा थोडा हसलो.

मग तिनं विचारलं, "तू माझी पर्स धरून बाहेर बसला होतास ना रे?"

"हो."

"काय विचार करत होतास तेव्हा?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. म्हटलं, "तुझा रिपोर्ट चांगला यावा असं वाटत होतं."

"वाटत होतं," ती म्हणाली. "दिवट्या, माझ्या बहिणीनं तुला माझ्याकडे पाठवलं तेव्हा म्हणाली होती, तापट आहे पण मनाचा साफ आहे. मी सगळ्यांना तेच सांगत आले."

एवढं बोलून तिनं भिंतीवरचा वेळांचा तक्ता उतरवला, पेन्सिल घेतली आणि वरच्या वर्गाच्या सगळ्या चौकोनांतलं माझं नाव एकेक करून काढलं. पाच-सहा वर्षांची मुलं माझ्याकडे आली. म्हटलं, "मी जाऊ का इथून?" तर म्हणाली, "पळायचं असेल तर जा. त्यात तुझा हात कोण धरणार?" मी राहिलो.

तीनची मुलगी आली. मी बाहेरच्या बाकावर होतो. तिनं दोन ओळी वाजवल्या आणि आतून मावशीचा आवाज आला, "परत." पुन्हा दोन ओळी. "परत. चौथं बोट कुठे झोपलंय?" पाच वेळा थांबवलं. मुलगी रडकुंडीला आली असेल. गेल्या जूनपासून या घरात हा आवाज ऐकला नव्हता. असा आवाज घरातून गेला होता आणि तो कुणी घालवला हे एकट्या मलाच माहीत होतं.

तिनं आज तुला फोन केला असेल. तो उचललास का, हे मी विचारणार नाही.


२३ मार्च

साडेचार,

हे शेवटचं. उत्तर नको.

तू रजा काढून तीन आठवडे आलीस, आईकडे उतरलीस, रोज इथे येऊन वाजवलंस, हे सगळं मला मावशीच्या तोंडून कळलं. तुझी एकच अट तिनं मला जशीच्या तशी सांगितली: "तू इमारतीत असताना तो तिथे नको." बरोबर आहे. तुझ्या वेळेच्या अर्धा तास आधी मी बाहेर पडत होतो, आणि जिन्यात गाठ पडू नये म्हणून मागच्या दारानं. एकदा औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काय, उधारी आहे का कुणाची?" म्हटलं, "आहे थोडी."

कालच्या रविवारचं मात्र तुला सांगायला हवं, कारण मी अट अर्धी मोडली असं तुला वाटू शकेल. मावशी शनिवारी म्हणाली, "इमारतीत नको म्हणाली ती. गल्लीत नको असं नाही म्हणाली. पलीकडच्या रस्त्याचं खोदकाम चाललंय, सगळ्या गाड्या आपल्याकडून वळवल्यात. तू कोपऱ्यावर उभा राहा."

म्हणून सकाळी नऊपासून मी कोपऱ्यावर होतो. तिथून आपली खिडकी दिसते, आवाज मात्र येत नाही. शपथेवर सांगतो, एक सूरसुद्धा ऐकू आला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होतो, इंजिन बंद करा, हॉर्न नको, एवढी गल्ली ढकलत न्या. माझ्यासारख्यानं! दोघांनी शिव्या घातल्या. एक टेम्पोवाला खाली उतरून म्हणाला, "तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" गेल्या वर्षी मी त्याची कॉलर धरली असती. काल म्हटलं, "नाही, तुमचाच आहे. फक्त दहा मिनिटं." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग टेम्पो तिथेच लावून शेजारी कठड्यावर येऊन बसला.

"कुणी गेलंय का घरात?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. वर रेकॉर्डिंग चाललंय. पियानोचं."

"तुमच्या कोण त्या?"

साडेचार म्हटलं तर त्याला कळलं नसतं, आणि दुसरं काही म्हणायचा मला हक्क नाही. म्हटलं, "आमच्या मावशीच्या विद्यार्थिनी."

"चांगलं वाजवतात?"

"हो. चांगलं वाजवतात."

सव्वादहाला खिडकी उघडली, म्हणजे झालं. टेम्पोवाल्यानं मला विचारून इंजिन सुरू केलं. मी लगेच वर गेलो नाही, तू अजून वर होतीस. बाजाराकडून लांबचा फेरा मारला आणि बारानंतर गेलो.

मावशी फ्रिजचं बटण लावत होती. कसं झालं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मी एकच विचारलं, "पाठवलं कुणी?"

"तिनं. इथेच बसून," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, तारखेला अजून नऊ दिवस आहेत, घरी जाऊन सावकाश पाठव. तर म्हणाली, नाही बाई, आत्ताच. फाइल जोडली, आणि पाठवायच्या आधी तीच फाइल पुन्हा उघडून पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत ऐकली. मलाही शेजारी बसवलं. सतरा मिनिटं."

"मग?"

"मग काय? मी हो म्हटलं, तिनं हो म्हटलं, आणि बटण दाबलं. ती पट्टी भरेपर्यंत दोघी बघत बसलो होतो."

— तुझा नसलेला,
कुकर